लिक्वी मोली रेडिएटर क्लीनर: बाटली अर्धीच पुरते, पाणी बारा लिटर लागतं

कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) तांबूस, गढूळ झालंय, कूलंटच्या टाकीच्या आतून पिवळट थर धरलाय, पण गाडी अजून गरम होत नाही. अशा गाडीला ही 300 मिलीची बाटली उत्तम. तापमानाचा काटा वर चढायला लागल्यावर धावत जाऊन आणली, तर मात्र पैसे बहुतेक वाया. रेडिएटरच्या बारीक नळ्या क्षारांनी पूर्ण बुजल्या असतील तर कुठलंही औषध त्यांच्यात शिरणारच नाही, कारण तिथून प्रवाहच बंद झालेला असतो. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला रॉड मारून, म्हणजे नळ्यांत सळई घालून, तो साफ करून घेता यायचा. आताच्या ॲल्युमिनियमच्या गाभ्याला आणि प्लॅस्टिकच्या टाक्यांना तो उपाय चालत नाही, रेडिएटर बदलावाच लागतो.

जमेची मोठी बाजू म्हणजे यात तीव्र ॲसिड किंवा अल्कली नाही. बाजारात कॉस्टिकवाली स्वस्त औषधंही मिळतात. ती चिकटा झटपट काढतात, पण ॲल्युमिनियमलाही खातात. हे औषध सौम्य, त्यामुळे काम हळू. एक बाटली 10 लिटर कूलंटला पुरते. आपल्या लहान पेट्रोल गाड्यांत हीटरसकट साधारण 4 ते 5 लिटर कूलंट मावतं, म्हणजे अर्धीच बाटली लागते. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, पुढचा सगळा हिशेब त्यावरच आहे.

बाटली उघडण्याआधी कूलंटचा रंग नीट पाहा. तांबूस असेल तर गंज. दुधाळ कॉफीसारखं असेल तर त्यात ऑइल मिसळतंय, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधलं सील) किंवा ऑइल कूलर गेलाय. तिथे आधी दुरुस्ती, मग सफाई. पूर्वी कुणी गळती बंद करायची पावडर टाकली असेल तर तेही लक्षात ठेवा: सुटलेला गाळ हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसू शकतो.

इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरची कॅप उघडायची. इंजिन तापलं की तिच्या आत साधारण 1.1 बारचा दाब असतो. गरम असताना उघडली की दाब सुटतो आणि कूलंट उकळून थेट तोंडावर येतं. औषध जुन्या कूलंटमध्येच घालायचं असतं, तेव्हा जागा व्हावी म्हणून थोडं कूलंट काढून घ्या. औषध घालून इंजिन सुरू करा: हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर मंद, एसी बंद. थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे कूलंट सोडणारी झडप) साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो. तोपर्यंत रेडिएटरमधून कूलंट फिरतच नाही. म्हणून रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हाताला गरम लागेपर्यंत थांबायचं आणि वेळ तिथून मोजायची. 10 ते 30 मिनिटं चालवा, गाळ जास्त असेल तर पूर्ण 30.

मग इंजिन कोमट होऊ द्या आणि खाली सोडा. रेडिएटरखालचा प्लॅस्टिकचा ड्रेन प्लग जुन्या गाडीत ठिसूळ झालेला असतो, पक्कड लावून पिळला की तुटतो. हाताने फिरत नसेल तर त्याच्या नादी न लागता खालचा होज काढा. स्प्रिंग क्लिप पकडीने दाबून मागे सरकवायची, आणि होज चिकटला असेल तर ओढायचा नाही, पिळून सोडवायचा.

खरी मेख इथे आहे. 5 लिटरच्या गाडीतून खाली येतं जेमतेम 3 लिटर. उरलेलं 2 लिटर इंजिन ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये अडकून राहतं. म्हणजे प्रत्येक वेळी औषधाचा 40 टक्के अंश आत उरतो. साधं पाणी भरून, इंजिन चालवून पुन्हा खाली सोडलं की एक धुणं. एका धुण्यानंतर तो 16 टक्के, दुसऱ्यानंतर 6, तिसऱ्यानंतर अडीच आणि चौथ्यानंतर 1 टक्का. म्हणून चार वेळा 3-3 लिटर, एकूण 12 लिटर पाणी. दर वेळी थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवायचंच, नाहीतर ब्लॉकमधलं पाणी रेडिएटरमधल्या पाण्यात मिसळत नाही. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जाऊ शकतो.

पहिल्या दोन धुण्यांना नगरपालिकेचं नळाचं पाणी चालेल. शेवटच्या दोन धुण्यांना इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डीएम (क्षार काढलेलं) वॉटर घ्या. 5 लिटरचे दोन कॅन आणले की शेवटच्या भरण्यापुरतंही पुरतं. बोअरचं पाणी नको. आरओने सोडलेलं पाणी तर मुळीच नको: गाडी पुसायला लोक ते साठवतात, पण गाळलेले सगळे क्षार त्यातच असतात.

भरताना सगळ्यात जास्त घोळ होतो. आत 2 लिटर साधं पाणी आहे, हे विसरून लोक वरून 3 लिटर तयार प्रीमिक्स (निम्मं पाणी आधीच मिसळलेलं कूलंट) ओततात. त्यात ग्लायकॉल (कूलंटचा मुख्य घटक) दीड लिटर, म्हणजे 5 लिटरमध्ये फक्त 30 टक्के. महाराष्ट्रात गोठण्याची भीती नाही, पण गंजरोधक घटकही त्याच प्रमाणात पातळ होतात आणि तांबूसपणा लवकर परततो. त्याऐवजी कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घ्या: आधी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट, मग अर्धा लिटर डीएम. बरोबर निम्मं-निम्मं. कंपनीचं कूलंट फक्त प्रीमिक्समध्येच मिळत असेल, तर शेवटची दोन धुणी त्याच प्रीमिक्सने करा. महाग पडतं, पण दुसरा मार्ग नाही. रंगावरून कूलंट निवडू नका. हिरवा, निळा, गुलाबी हे नुसते रंग आहेत, मॅन्युअलमधलं मानक डब्यावर छापलेलं आहे का ते बघा.

भरताना हळूहळू ओता, वरचा होज दाबत राहा म्हणजे बुडबुडे निघतील. ब्लीड स्क्रू (आतली हवा काढायचा स्क्रू) असेल तर त्यातून बुडबुड्यांशिवाय धार येईपर्यंत उघडा ठेवा. फॅन दोनदा लागून बंद झाला आणि हीटरमधून सलग गरम हवा आली, की आत एअर नाही. फॅन इंजिन बंद केल्यावरही अचानक फिरू शकतो, बोटं लांब. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी बघून भर घाला.

सफाईनंतर दोन-चार दिवसांत एखादा थेंब गळायला लागला तर दोष बाटलीचा नाही. ते भोक आधीपासून होतं, क्षारांनी बुजलेलं होतं. होजची टोकं, टाकीची शिवण आणि वॉटर पंपाखालचं बारीक छिद्र तपासा.

बाटलीवरच्या सूचना मात्र अपुऱ्याच वाटतात. औषध काढल्यावर किती वेळा धुवायचं, हे गिऱ्हाइकाला मोजून सांगायला हवं. दोन लहान गाड्या असतील तर एक बाटली दोघींना पुरते, तेव्हा शेजाऱ्याबरोबर वाटून घ्यायलाही हरकत नाही.

काढलेलं कूलंट गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये भरून, वर चिठ्ठी लावून, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारून द्या. जमिनीवर सांडलेलं माती किंवा भुसा टाकून टिपून घ्या, मग भरपूर पाण्याने धुवा.