पोटमाळ्यातलं इन्सुलेशन: पिशव्या मोजा, पट्टी नंतर

ठेकेदाराच्या बिलात दोन ओळी आहेत. छतातल्या सगळ्या फटी बंद करणे. वर ४० चौरस मीटरवर २५० मिलिमीटर सेल्युलोज, म्हणजे उष्णता अडवणारा रद्दी कागदाचा सुटा भुसा. प्रत्यक्षात फट एकही बंद नाही आणि माल निम्म्याहून कमी. ८० टक्के रक्कम आगाऊ गेली, उरलेले २० टक्के माल फुंकणारं मशीन बंद व्हायच्या आत. हो, दिले. धुरळा उडत असताना पोटमाळ्यावर चढून कोण बघतं?

हा माल पिशवीत दाबून भरलेला असतो. मशीनमध्ये हवा जास्त सोडली की फुगतो, मोजपट्टीवर जाडी भरते, मग काही महिन्यांत खाली बसतो. त्यामुळे नुसत्या जाडीला अर्थ नाही, वजनही भरायला हवं. पिशवीवरच तक्ता छापलेला असतो: इतक्या क्षेत्राला, इतक्या जाडीला कमीत कमी इतक्या पिशव्या. त्या हिशेबाने १२ किलोच्या २४ लागत होत्या. दाराशी रिकाम्या पडल्या होत्या ११. समोर! पायाला लागत होत्या! "बाकीच्या गाडीत टाकल्या," ठेकेदार म्हणाला, आणि ते पटलं.

त्याने दाखवलेल्या फोटोतली पट्टी पोटमाळ्यावर चढायच्या झडपेजवळची. तिथे २५०, मागच्या कोपऱ्यात ११०. पाच-सहा ठिकाणी जाडी मोजायला लावा, कोपरे धरून.

वारा मात्र तसाच येतो, कारण सुटा माल वारा अडवत नाही, फटी बुजवल्या तरच तो थांबतो. वायरी-पाइप उतरतात ती भोकं, आतल्या भिंतींचे माथे, झडपेची कड. बारीक फटीला सीलंट, बोटभर फटीला फोम, झडपेला रबरी पट्टी. धुराड्याभोवती फोम नको. पत्रा आणि आगीला टिकणारं सीलंट. हे सगळं माल टाकण्याआधी करायचं असतं. आता तो उपसूनच करावं लागेल, म्हणजे दुसरी मजुरी. शिवाय वळचणीतली हवेची वाटही बुजवून ठेवलीय; तिथे ओल धरते, मग बुरशी. छतात बसवलेल्या दिव्यांवरही माल ओतलाय. झाकले तरी चालतील असा शिक्का दिव्यावर नसेल तर ही आगीला आमंत्रणं.

आणि तक्रार? ग्राहक कक्ष म्हणतो, तज्ज्ञाचा अहवाल आणा, तोही स्वखर्चाने. माल बनवणारा म्हणतो, ठेकेदाराला विचारा. ठेकेदाराचा फोन बंद. पोलीस म्हणतात, हा दिवाणी मामला. तीन महिन्यांनी कक्षाचा संदेश: "तोडगा निघाल्याने तक्रार बंद." कुठला तोडगा? कोणाशी? विचारलं तर उत्तर, नव्याने नोंदवा. पुन्हा तोच अर्ज, पुन्हा तोच अहवाल मागणार.

शेवटचा हप्ता झडपेतून आत डोकावल्यावरच द्या. फटी बुजवल्याचे फोटो माल टाकण्याआधीचे हवेत. रिकाम्या पिशव्या त्याला नेऊ देऊ नका. लेबलसकट ठेवलेल्या त्या ११ पिशव्या एवढाच पुरावा आज हातात आहे.