‘हंटिंग पँट’ म्हणून छत्रीचं कापड: मचाणावर जाणाऱ्यांनी हे वाचून मगच पैसे भरा

वैशाखी पौर्णिमेला मचाणावर बसणाऱ्यांसाठी आणि एकूणच रानावनात फिरणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. ‘ओरिजिनल हंटिंग पँट’ अशी जी जाहिरात मोबाइलवर फिरते, तिच्यापायी आमच्या गटातल्या पाच जणांचे मिळून जवळजवळ नऊ हजार रुपये गेले. ज्याने घेतले तो आजही तोच व्हिडिओ दुसऱ्या नावाच्या दुकानातून चालवतो आहे. दुकानाचं नाव सांगून उपयोग नाही, ते बदलत राहतं. पद्धत बदलत नाही, म्हणून पद्धत सांगते.

शिकारीला बंदी असलेल्या देशात हंटिंग पँट कशाला, असं आमच्या घरीही विचारलं गेलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने आपल्याकडची हौसेची शिकार बंद केली, आणि ते फार चांगलं झालं. पण युरोप-अमेरिकेतल्या शिकाऱ्यांसाठी जी पँट घडत गेली, तिच्यामागचा विचार मचाणावर बसणाऱ्याच्या अगदी कामाचा आहे. दोघांनाही तासन्‌तास न हलता, आवाज न करता बसायचं असतं. फरक एवढाच की आपल्या हातात वही आणि दुर्बीण असते.

मेळघाटात बुद्धपौर्णिमेला वनखात्याचा ‘निसर्गानुभव’ असतो, म्हणजे रात्रभर मचाणावर बसून पाण्यावर येणारी जनावरं बघायची आणि नोंदवायची. दुपारी मचाणावर चढायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळीच उतरायचं. खाली पाणवठा, वर लख्ख चांदणं. सांबर पाण्यावर येण्याआधी किती वेळ झाडोऱ्यात उभं राहून कानोसा घेतं, हे ज्याने पाहिलं आहे त्याला कपड्याच्या आवाजाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. मांडी बदलताना पँट खसखसली की ते जागीच थिजतं, आणि पुष्कळदा मागच्या मागे निघून जातं. त्या रात्री ते पुन्हा पाण्यावर येईलच असं नाही. मे महिन्यात तेवढ्या परिसरात तोच एक पाणवठा असेल, तर आपल्या एका खसखशीने त्या जनावराला तहानलेलं ठेवलेलं असतं. मला या गोष्टीचा फार त्रास होतो, म्हणून मी पँटीच्या मागे लागले.

चांगल्या हंटिंग पँटीच्या कापडावर वरून किंचित मऊ लव आणलेली असते. दोन मांड्या घासल्या तरी आवाज येत नाही. खिशांना वेल्क्रो नसतो, कारण शांत रानात वेल्क्रो उघडला की चर्रर्र आवाज लांबवर जातो. चकाकणारी टिचबटणं नसतात. दोन पायांच्या मध्ये, जिथे चार शिवणी एका ठिकाणी येतात, तिथे हिऱ्याच्या आकाराचा एक वेगळा तुकडा जोडलेला असतो. त्यामुळे उकिडवं बसताना किंवा शिडी चढताना ताण एका टाक्यावर न येता चहूकडे वाटला जातो. साधी पँट नेमकी तिथेच उसवते. गुडघ्यावर चुण्या घालून कापडाला आधीच बाक दिलेला असतो. कंबर मागून थोडी उंच असते, वाकलं तरी पाठ उघडी पडत नाही. मोहरीला, म्हणजे पायाच्या खालच्या काठाला, दोरी किंवा इलॅस्टिक असतं, आणि गोचीड आत शिरू नये म्हणून आपल्या रानात ते फारच गरजेचं आहे.

रंगाबद्दल एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. हरणांच्या डोळ्यांना निळा रंग चांगला दिसतो. नारिंगी-तांबडा मात्र त्यांना हिरव्या-तपकिरीपासून नीट वेगळा काढता येत नाही. म्हणून अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत शिकाऱ्यांना भडक नारिंगी कपडा सक्तीचा आहे. हरणाच्या डोळ्यांत तो भरत नाही, पण दुसऱ्या शिकाऱ्याला लांबून दिसतो. चितळ-सांबर याच कुळातले. तेव्हा निळी जीन्स सगळ्यात वाईट, आणि मातकट, शेवाळी, खाकी साधा रंग पुरेसा. लष्करी नक्षीची काही गरज नाही.

हे सगळं शोधत असतानाच ती जाहिरात समोर आली. पाण्यातून चालणारा माणूस, पँटीवरून ओघळून जाणारे थेंब, चाकूची धार कापडावर फिरवली तरी न फाटणारं कापड. खाली लिहिलेलं: वॉटरप्रूफ १०,०००, रिपस्टॉप, ६० टक्के कॉटन, ‘युनिसेक्स’. एमआरपी ६,९९९ आणि आज फक्त १,७९९. पार्सल हातात आल्यावर पैसे द्यायचे तर दीडशे रुपये जास्त आणि पोहोचायला दहा दिवस. आधी भरले तर चार दिवसांत. पौर्णिमा तोंडावर असताना हा चार दिवसांचा हिशेब कोणाला गाठायचा म्हणून मांडला आहे, ते आता कळतं. पत्ता पुण्याचा होता, जीएसटी क्रमांक होता, आणि शेकडो लोकांनी पाच-पाच तारे दिलेले होते.

पार्सल वेळेवर आलं. इथे या लोकांची हुशारी आहे. काहीच पाठवलं नाही तर ती सरळ चोरी ठरते. काहीतरी पाठवलं की ‘ग्राहकाला वस्तू आवडली नाही’ एवढंच म्हणता येतं. पाकिटावरच्या चिठ्ठीवर वजन २८० ग्रॅम छापलेलं होतं. जाड कापडाची, सहा खिशांची पँट पाचशे ग्रॅमच्या खाली सहसा भरत नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता पुण्याचा नव्हता, दिल्लीकडचा होता, आणि नाव तिसरंच.

पँट काढली आणि हातातच खसखसली. पातळ, चकचकीत पॉलिएस्टर. रिपस्टॉप कापडात ठरावीक अंतरावर जाड धागा विणलेला असतो, म्हणून त्यावर बारीक चौकटी दिसतात आणि एक चीर गेली तर ती पुढच्या जाड धाग्यापाशी अडते. या पँटीवरही चौकटी होत्या. मी पँट उलटी केली तर आतून कापड सपाट. चौकटी विणलेल्या नव्हत्याच, वरून छापलेल्या होत्या! बोटाचं नख फिरवलं तरी धागा लागत नव्हता. ती एक गोष्ट पाहून मला जितका राग आला तितका पैशांचाही आला नाही. कोणीतरी बसून, विचार करून, खरं दिसावं म्हणून खोट्या चौकटी छापल्या होत्या.

मग बाकीचं तपासलं. मोहरीच्या दुमडीतून एक धागा ओढून काडी लावली. तो आक्रसला, काळा धूर निघाला आणि टोकाला कडक काळा मणी झाला. कॉटन असतं तर कागद जळल्याचा वास आला असता आणि राख बोटात भुगा झाली असती. साठ टक्के तर सोडाच, त्यात कॉटनचा धागाच नव्हता. वॉटरप्रूफच्या पुढचा १०,००० हा आकडा मिलिमीटरचा असतो. कापडावर दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आत येणार नाही, असा त्याचा अर्थ. असं कापड शिवलं की सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी शिरतं, म्हणून आतून सगळ्या शिवणींवर पट्टी चिकटवावी लागते. ही पट्टी आहे की नाही हे पँट उलटी केली की क्षणात कळतं. आमच्या पाचही पँटींत एक इंचभर पट्टी नव्हती. ग्लासभर पाणी ओतलं तर थेंब ओघळले, व्हिडिओत दिसले तसेच. तो वर मारलेल्या फवाऱ्याचा गुण. एकदा धुतली आणि ओल्या टॉवेलवर बसून पाहिलं, बैठक भिजली.

‘युनिसेक्स’ म्हणजे पुरुषांच्या मापाची पँट दोघांना विकायची, हेही कळलं. कंबरेला बसेल ती पुठ्ठ्यावर चढेना, पुठ्ठ्याला बसेल ती कंबरेत दोन बोटं सैल. बायकांनी हा शब्द दिसला की कंबर, पुठ्ठा, मांडी अशी तिन्ही मापं मागावीत. न देणाऱ्याकडून घेऊ नये.

आमच्यातल्या एकाला शेवाळी रंगाऐवजी ठिपक्या-चौकोनांची लष्करी नक्षी आली. लष्कराने १५ जानेवारी २०२२ ला, सेनादिनी, जो नवा गणवेश आणला त्याची उघड नक्कल. त्या नक्षीचे हक्क लष्कराने नोंदवून घेतलेले आहेत, खुल्या बाजारात ती विकायची परवानगी नाही. ओळखीच्या वनरक्षकदादांनी फोटो पाहून एवढंच सांगितलं, “ही घालून नाक्यावर येऊ नका, उगाच चौकशी होईल.” म्हणजे पैसे तर गेलेच, वर अंगावर बालंट.

परत करायचं ठरवलं तर फोन लागेना. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र लगेच उत्तर. आधी गोड बोलणं, ‘मॅडम’, ‘सॉरी फॉर इनकन्व्हिनियन्स’. मग परत पाठवण्याचा खर्च म्हणून प्रत्येकी दोनशे नव्वद आगाऊ. तेही नाकारल्यावर एक क्यूआर कोड आला: “हा स्कॅन करून पिन टाका, रिफंड लगेच खात्यात जमा.” खरी धाड इथे असते. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. आम्ही तिथेच थांबलो. पण दुसऱ्या एका गटातल्या ताईंचे पँटीच्या पैशांच्या कितीतरी पट पैसे याच रिफंडच्या कोडवर गेले. पँट हे नुसतं आमिष आहे. नाराज झालेलं, पैसे परत मागणारं गिऱ्हाईक त्यांना हवंच असतं.

जीएसटी क्रमांकही मी नंतर तपासला. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, दिल्लीचे ०७. पुण्याचा पत्ता देणाऱ्याचा क्रमांक ०७ ने सुरू होत होता. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर क्रमांक टाकला की तो कोणाच्या नावावर आहे ते फुकट दिसतं. तो एका भलत्याच व्यापाऱ्याचा निघाला, कपड्यांशी काही संबंध नसलेल्या. त्या बिचाऱ्याला आपला क्रमांक कुठे वापरला जातो आहे याची कल्पना तरी असेल का?

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्याने आपलं कायदेशीर नाव, पत्ता, ग्राहक सेवेचा संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव दाखवावं लागतं. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. आम्ही पँट घेतली त्या दुकानाच्या पानावर यातलं अधिकाऱ्याचं नावच नव्हतं. पँट, रंग, तारे काहीही बघण्याआधी पानाच्या तळाशी जाऊन ही एक ओळ शोधा.

पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा, उशीर झाला की ते पुढच्या खात्यात सरकलेले असतात. वस्तू खोटी आली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५. ग्राहक आयोगात तक्रार आता घरबसल्या ‘ई-जागृती’ या सरकारी संकेतस्थळावर करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते, दोन वर्षांच्या आत. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची नोंद, पाकिटावरची चिठ्ठी आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, एवढं जपून ठेवा. आमच्याकडे व्हिडिओ नव्हता, आणि ‘तीच वस्तू आली कशावरून’ हा पहिला प्रश्न तिथेच आला. आमची तक्रार चालू आहे.

पौर्णिमा तोंडावर होती, म्हणून मी ती पँट घेऊन परतवाड्याच्या शिंपीकाकांकडे गेले. त्यांनी कापड दोन बोटांत चोळलं आणि म्हणाले, “ताई, हे कापड छत्रीचं आहे, पँटीचं नाही. यात मे महिन्यात उकडून निघाल.” त्यांनीच मग पॉलिएस्टर-कॉटनचं, पासष्ट-पस्तीसचं मातकट कापड काढून दिलं. वैशाखात मेळघाटात सहसा पाऊस नसतो, तेव्हा वॉटरप्रूफची गरजच नव्हती. हवा खेळणारं, कुसळं न धरणारं, न खसखसणारं कापड हवं होतं. हिऱ्याच्या आकाराचा तुकडा, गुडघ्याच्या चुण्या, बटणाचे खिसे आणि मोहरीला दोरी, सगळं मी कागदावर काढून दिलं. काकांनी ते पहिल्यांदाच शिवलं आणि दुहेरी टीप मारून चोख शिवलं. कापड-शिलाई मिळून जाहिरातीतल्या पँटीपेक्षा स्वस्त पडलं.

पावसाळी भटकंतीला मात्र हे कापड चालणार नाही, ते ओलं राहतं. तेव्हा चटकन वाळणारं, थोडं ताणलं जाणारं नायलॉन घ्या, पण ते दुकानात जाऊन, उलटं करून, मांड्या एकमेकींवर घासून, उकिडवं बसून पाहून घ्या. शिवून घेणार असाल तर आधी अर्धा मीटरच कापड आणा. दोनदा धुवा, वाळवा, मग कानाजवळ नेऊन चुरगाळा. आवाज आला नाही तरच बाकीचं आणा.