सगळ्यात हलकं बाइंडिंग घेऊ नका: गुलमर्गला निघालेल्या सातारकरांसाठी

यवतेश्वरचा घाट धावत चढणाऱ्यांना बुटांचं वजन ग्रॅममध्ये पाठ असतं. त्यांच्यातलं कुणी स्की टूरिंगकडे, म्हणजे स्की घालूनच डोंगर चढण्या-उतरण्याकडे वळलं, की बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग निवडताना नजर थेट रेसच्या पिन बाइंडिंगवर जाते. वर्षाकाठी एखाद्या वेळी बर्फावर जाणाऱ्याने ते घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

पिन बाइंडिंग ही ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांची १९८०च्या दशकातली कल्पना. पुढच्या दोन पिना बुटाचं टोक दोन्ही बाजूंनी धरतात. चढताना टाच मोकळी असते, उतरताना मागच्या दोन पिना तिला पकडतात. जुन्या फ्रेम बाइंडिंगसारखा सांगाडा दर पावलाला उचलावा लागत नाही.

रेसचं बाइंडिंग एका पायाला साधारण १०० ते २०० ग्रॅम, मधल्या वर्गातलं ३०० ते ४००. म्हणजे पायामागे जेमतेम २०० ग्रॅमची बचत. त्यासाठी काय सोडावं लागतं ते बघा. पडल्यावर बूट किती जोराने सुटावा, हे रेसच्या बऱ्याच मॉडेलमध्ये कारखान्यातच ठरलेलं असतं. मधल्या वर्गात ते वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुमचं कौशल्य पाहून लावता येतं. नवशिक्याचा गुडघा या आकड्यावर अवलंबून असतो, म्हणून इथे तडजोड नको. शिवाय रेसच्या बाइंडिंगला बहुधा सुटलेली स्की थांबवणारा ब्रेक नसतो. नुसती दोरी असते, आणि हिमस्खलनात दोरीने पायाला बांधलेली स्की माणसाला खाली ओढते.

मधल्या वर्गात डायनाफिटचं स्पीड टर्न साधं आणि वर्षानुवर्षं वापरातलं. एटीके रेडर १२ अधिक नेटकं, ब्रेकही मिळतो, पण महाग. पैशाची ओढाताण नसेल तर मी रेडर घेईन. फ्रित्शीचं टेक्टन याहून जड, पण बाजूला सुटण्याची सोय त्याच्या पुढच्या भागात आहे. बहुतेक पिन बाइंडिंगमध्ये ती टाचेकडे असते.

सॅलोमनचं शिफ्ट एका पायाला ९०० ग्रॅमच्या आसपास. उतरताना ते नेहमीच्या स्की बाइंडिंगसारखंच काम करतं. गुलमर्गच्या वरच्या अफरवाट शिखराकडे गोंडोलाने (केबल कारने) जाऊन दिवसभर उतरायचं आणि चालायचं थोडंच, असा बेत असेल तर हेच घ्या. तासन्‌तास चढायचं असेल तर मात्र ते पायाला जड होईल.

बसवण्याचं काम साताऱ्यात करू नका. ड्रिल चालवणारे कुशल हात इथे पुष्कळ आहेत, पण स्कीला खोली मोजून भोक पाडणारं खास बिट आणि बुटाच्या लांबीप्रमाणे जागा दाखवणारा साचा लागतो. भोक थोडं खोल गेलं की स्कीचा तळच फुटतो. विकणाऱ्या दुकानातूनच बसवून घ्या. त्याआधी बुटाला पुढे आणि मागे पिनांसाठी धातूचे खाचे आहेत का ते तपासा. पुढचे नसतील तर यातल्या एकाही बाइंडिंगने चढता येणार नाही; मागचे टेक्टन आणि शिफ्ट सोडून बाकीच्यांना लागतात.

बर्फावर गेल्यावर पुढच्या पिनांच्या स्प्रिंगखाली बर्फ साचतो. मग पिना पूर्ण मिटत नाहीत आणि बूट अवेळी सुटतो. दर वेळी काठीच्या टोकाने तिथलं खरवडून मगच बूट घाला. चढताना पुढची कुलूपपट्टी वर ओढलेली असते. तशी असताना बूट सहजी सुटत नाही, म्हणून उतरायला लागण्याआधी ती खाली करा.