बिछायतवाल्याचा चुलीचा संच : आणताना नाही, आवरताना पाहा

दुकानाचं नाव लिहीत नाही. तिथे गल्ल्यावर बसणारा पोरगा माझ्या जावेच्या माहेरचा आहे. मी चांगलं लिहीन ते कोणी वाचणार नाही, वाईट लिहीन तेवढं मात्र दोन दिवसांत घरी पोहोचेल. चांदूरबाजार-परतवाडा भागात बिछायत केंद्रं, म्हणजे लग्नकार्याला भांडी-सामान भाड्यानं देणारी दुकानं, काही कमी नाहीत, त्यातलं एक, एवढं पुरे.

संक्रांतीनंतरच्या रविवारी तालुक्याच्या गावी बचत गटांची चुलीवरच्या स्वयंपाकाची स्पर्धा होती. आमच्या गटातून आम्ही पाच जणी. रोडगे, वांग्याचं भरीत, फोडणीचं वरण. चवीचे, मांडणीचे गुण असतातच, पण यंदा कागदावर ‘जागा स्वच्छ करून देणे : १० गुण’ असं लिहून आलं होतं. वरून पाच वाजता मैदान खाली पाहिजे, कारण संध्याकाळी तिथंच कबड्डी.

मागच्या वर्षी आम्ही घरोघरची भांडी गोळा करून नेली होती. आवरायला बसलो तेव्हा अंधार पडला होता. मोबाइलच्या उजेडात एकेका ताटाच्या काठावरचं कोरलेलं नाव वाचायचं, ‘हे तुह्या सासऱ्याचं की तिच्या?’ तरी तीन वाट्या आणि एक सराटा कोठी गेला तो आजपर्यंत सापडला नाही, आणि ज्यांचा सराटा होता त्या काकू अजून बैठकीत त्याचा विषय काढतात. म्हणून यंदा दुकानातून ‘चुलीचा संच’ भाड्यानं घेतला. एका दिवसाचे ९०० रुपये, अनामत २,०००, छोट्या हत्तीचं, म्हणजे टेम्पोचं, भाडं वेगळं.

संचात काय येतं: घडीची लोखंडी चूल, दोन घमेली, जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) एक मोठं गंज, म्हणजे पातेलं, आणि एक मधलं, कोपर, परात, कढई, झारे, सराटे, लांब दांड्याचा चिमटा, ४० ताटं, ८० वाट्या, ४० गिलास, पाण्याचे दोन ड्रम, ताडपत्री आणि झाकणाचा पत्र्याचा डबा. हा डबा कशाचा ते आणताना कोणी विचारलंच नाही. एकीनं त्यात कांदे ठेवले.

ताटं-वाट्या पोत्यात बांधून येत नाहीत, लाकडी पेटीत येतात. पेटीच्या आत पट्ट्या ठोकून खाचा केल्या आहेत, एका खाचेत एक ताट, उभं. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवलेली, वरून प्लॅस्टिक. मोजायचं कामच नाही. खाच रिकामी दिसली की ताट बाहेर आहे, बस. आणताना मला हे नखरे वाटले होते. दुपारी पावणेचारला, उष्टी ताटं गोळा होऊन आली तेव्हा, ज्यानं ही पेटी बनवली त्या सुताराला मी मनातल्या मनात चहा पाजला. वाट्यांना मात्र अशी सोय नाही, त्या एकात एक घालून थप्प्या कराव्या लागतात. ते पुढे आमच्या अंगाशी आलं.

आवरण्याची एक युक्ती माझ्या भाच्याची. तो कंपनीच्या कामानं वर्षभर अमेरिकेत कॅन्सस सिटीला होता. तिथे मांस धुरावर भाजायच्या मोठ्या स्पर्धा होतात. बारा वाजता कोंबडीचा डबा परीक्षकांकडे जातो, साडेबाराला फासळ्या, एकला डुकराचा खांदा आणि दीडला चौथा पदार्थ, जो मी सासूबाईंसमोर बोलले नाही. तो म्हणाला, मावशी, शेवटचा डबा जायची वाट पाहत नाहीत ते लोक. कोंबडी गेली की कोंबडीचं सामान धुऊन गाडीत. बक्षीस जाहीर होईस्तोवर त्यांची जागा जवळजवळ मोकळी असते.

आम्ही तसंच केलं. आधी भरीत गेलं. वांगी पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) जाळावर भाजली होती, त्यांची सालं, देठं, कांद्याच्या पातीची मुळं एका घमेल्यात, आणि ते घमेलं सरळ शेजारच्याच्या बकऱ्यांकडे. पाटा तर नेलाच नव्हता, मिरच्या घरून कुटून नेल्या होत्या. वरणाचं गंज उतरलं त्याच क्षणी चुलीवर दुसरं गंज पाण्याचं चढवलं. चूल तापलेलीच असते, लोक जेवून उठेस्तोवर पाणी कडक होतं. तुपाची, तेलाची भांडी आधी जुन्या पेपरनं पुसायची, मग गरम पाणी. मैदानावर नळ एकच आणि गट अकरा. ज्यांनी पाणी तापवलं नव्हतं ते थंड पाण्यानं तूप घासत बसले. जानेवारीत थंड पाण्यानं तूप निघतं का बाई कधी?

आता तो पत्र्याचा डबा. तो राखेचा.

रोडगे भाजायला गोवऱ्यांचा आर लागतो. गोवऱ्या पेटवायच्या, जाळ बसून इंगळ झाले की त्यात गोळे पुरायचे, वरून पुन्हा राख ओढायची. सगळं झाल्यावर तो ढीग पांढरा दिसतो, थंड दिसतो, माणूस फसतो. गोवरीची राख म्हणजे गोधडीच, खालचा विस्तव ती दुसऱ्या दिवसापर्यंतही राखून ठेवते. दोन वर्षांआधी आम्हीच अशी ‘विझलेली’ राख बारदान्याच्या पोत्यात भरून गाडीत टाकली होती. शिरजगावच्या अलीकडे मागून जळका वास आला. पोतं खाली ओढलं तर बुडाला ताटाएवढं भोक, त्याच्या काठावरून लाल रेघ हळूहळू सरकत होती, आणि शेजारी आमची ताडपत्री. जाळ नाही, धूर नाही, फक्त ती रेघ. मी पदरानं नाही, चपलेनं विझवली.

म्हणून या डब्याचं मला फार कौतुक आहे. दोन वीत उंच पाय आहेत, खालचं गवत तापत नाही. झाकण बसतं. सोबत एक लोखंडी सळई आहे. दुकानातल्या म्हाताऱ्या बाबांनी पद्धत सांगितली होती, ती आम्ही तशीच पाळली: राख थोडी थोडी डब्यात घ्यायची, पाणी शिंपडायचं, सळईनं ढवळायची, पुन्हा पाणी. एकदम बादली ओतायची नाही, गरम वाफ आणि राख तोंडावर येते. फुस्स आवाज बंद झाला तरी एकदा तळातून ढवळून पाहायचं. मग हाताचा पंजा उलटा करून वर धरायचा, लावायचा नाही, धग लागली तर अजून पाणी. आमच्यातली सगळ्यात लहान सून म्हणाली, ‘काकू, गार झाली वो, चला आता.’ ढवळलं तर खालून पुन्हा फुस्स. तीन बादल्या पाणी गेलं. आणि न विझलेले कोळसे बंद गाडीत माणसांसोबत कधीच न्यायचे नाहीत. आगीचं सोडा, त्यातून निघणारा वायू दिसत नाही, वास येत नाही आणि माणूस झोपल्या जागी मरतो.

एक नियम त्यांनी पावतीवर शिक्का मारूनच दिला आहे: ‘जर्मनच्या भांड्याला राख लावू नये’. मला हसू आलं होतं. माझ्या आईनं जन्मभर राखेनंच भांडी घासली. पण ती पितळेची होती. मधलं गंज मी सवयीनं ओल्या राखेनं घासलं आणि झाकून ठेवलं, तासाभरानं आतून काळं ठिक्कर. गल्ल्यावरचा पोरगा बीएस्सीला आहे, तो म्हणे राखेत क्षार असतो, पाणी लागलं की तो ॲल्युमिनियमला खातो. हे आधी सांगता आलं असतं. त्याचे १५० रुपये कापले, चूक माझी होती, तक्रार नाही. बुडाच्या काजळीला उपाय सोपा आहे, चुलीवर ठेवण्याआधी बाहेरून चिकणमातीचा पातळ लेप द्या. मोठ्या गंजाला दिला होता, तर नंतर नुसत्या हातानं पोपडे निघून आले.

आता तक्रारी. पेटी भरल्यावर इतकी जड होते की दोघींनी उचलली तरी कंबर बोलते, आणि कड्या अशा बारीक की बोटांत रुततात. चाकं लावा ना बापा, किंवा दोन लहान पेट्या करा. तुमची गिऱ्हाईकं फक्त पहिलवान नाहीत. पेटीची एक कडी तुटलेली होती, सुतळीनं बांधून दिली. ताडपत्री उलगडली तर आत कोणाच्या तरी लग्नातला भात वाळून चिकटलेला. आम्ही ती घासून परत केली. आम्ही ताट न घासता दिलं तर ताटामागे २ रुपये, मग त्यांच्या ताडपत्रीचे आम्ही किती लावायचे? पोराला हे विचारलं तर तो मोबाइलमध्ये पाहत राहिला. चुलीच्या घडीच्या पायांत बोट सापडतं, आमच्यापैकी एकीचं सापडलं. पाय दुमडताना चूल आडवी करा, उभ्यानं करू नका.

अनामत परत घ्यायला दुसऱ्या दिवशी अकराच्या आत जावं लागतं. अकरानंतर दुकान उघडं असतं पण पैशांची चावी ज्यांच्याकडे ते शेतात गेलेले असतात. मी सव्वाअकराला गेले, म्हणजे मंगळवारी पुन्हा. एसटीचं अर्धं तिकीट आहे म्हणून बरं.

साडेचारला आमची जागा झाडून, पाणी शिंपडून तयार होती. आमच्या बाजूचा गट तेव्हा चमचे मोजत होता. स्वच्छतेचे दहापैकी नऊ मिळाले. एक गुण कापला कारण परीक्षक बाईंना ताडपत्रीखाली भरताच्या वांग्याचं एक देठ सापडलं. एकूणात उत्तेजनार्थ, पाच जणींत मिळून एक थर्मास. तो सध्या माझ्याकडे आहे, पुढच्या महिन्यात दुसरीकडे जाईल.

यादीत ८० वाट्या, परत गेल्या ७९. वाटीचे ४० रुपये कापून १,८१० हातात दिले. परवा सासूबाईंच्या औषधाच्या गोळ्या शोधताना ती वाटी सापडली, तीत त्यांनी स्पर्धेतलं भरीत थोडं काढून आणलं होतं आणि वाटी धुऊन आपल्या फळीवर ठेवून दिली होती. मी म्हटलं, ‘आई, दुकानाची आहे, परत द्याची हाय.’ तर म्हणाल्या, ‘पैसे कापले ना त्यायनं? मंग आपलीच झाली.’

शिवरात्रीनंतर गटाची सहल आहे, तेव्हा हाच संच सांगून ठेवला आहे. दोन लहान पेट्या करतो असं बाबा म्हणाले आहेत.