घर सोडाव्या लागलेल्या बाईसाठी दहा लाख: निवारा, भाड्याची खोली की तिचंच घर?

मार्चअखेर जवळ आली की नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कंपन्यांत सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक कामांसाठीच्या निधीच्या, बैठका लागतात. हल्ली त्यांत घरगुती हिंसाचाराचा विषय निघू लागलाय आणि मला त्याचं मनापासून बरं वाटतं. एखादं महिला मंडळ, निवृत्त कर्मचाऱ्यांचा गट, आईच्या स्मरणार्थ काही करू पाहणारी भावंडं, अशीही माणसं विचारतात: आमच्याकडे आठ-दहा लाख आहेत, द्यायचे कुठे? मी नाशिकमध्ये या बायकांबरोबर कोर्टात, पोलीस ठाण्यात आणि खोल्या बघायला जाते, म्हणून हा प्रश्न माझ्यापर्यंत येतो. माझा कल आधीच सांगून टाकते. एवढ्या पैशात इमारतीच्या नादी लागू नका. बाकीच्या वाटा एकमेकींशी ताडून बघा.

तुलना हवेत नको, म्हणून एक बाई समोर धरू. ती कुणी एक खरी व्यक्ती नाही, पण तिच्यासारख्या बऱ्याच भेटतात. नवीन नाशिकात, म्हणजे आपल्या सिडकोत, दोन खोल्यांचं घर, सासऱ्यांच्या नावावर. ती अंबडला पॅकिंगच्या कामावर, कंत्राटी, महिन्याला तेरा हजार. मुलगा चौदा वर्षांचा, नववीत. मुलगी सात वर्षांची. नवरा मारतो. पगाराचं एटीएम कार्ड त्याच्याच खिशात असतं आणि तिच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबरही त्याचाच. या बाईला तुमचे पैसे कोणत्या वाटेने उपयोगी पडतील?

निवाऱ्याची खाट

रात्री अकराला अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेल्या बाईला डोक्यावर छप्पर लागतं, ते त्याच रात्री. त्यासाठी निवाऱ्याला पर्याय नाही. ११२ (पोलीस) किंवा १८१ (महिला हेल्पलाइन) वर फोन केला तर सखी वन स्टॉप सेंटर या हिंसाचार सोसलेल्या बायकांच्या मदत केंद्रापर्यंत पोचता येतं. हे केंद्र सरकारचं आहे, २०१५ पासून निर्भया निधीतून चालतं. तिथे राहण्याची सोय साधारण पाच दिवसांची. पुढे शक्ती सदन, म्हणजे सरकारी योजनेतलं निवारागृह. जुनी स्वाधार गृहं आणि उज्ज्वला गृहं २०२२ मध्ये मिशन शक्ती या योजनेत एकत्र करून हे नाव दिलं गेलं. तिथे मुक्काम लांबवता येतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ६ प्रमाणे पीडित बाईने किंवा तिच्या वतीने या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याने मागणी केली, तर निवारागृहाने तिला आसरा द्यायचा असतो.

आता आपल्या बाईला तिथे नेऊन बघा. मुलगी तिच्याबरोबर राहील. मुलाचं अवघड आहे, कारण मुलग्यांना वयाची अट असते आणि चौदा वर्षांचा मुलगा त्यात बसत नाही. म्हणजे तो एक तर वेगळ्या संस्थेत, नाही तर बापाकडेच. मुलाला मागे ठेवायचं म्हटल्यावर उंबऱ्यावरूनच परत फिरलेल्या आया मी पाहिल्यात. दुसरं, बऱ्याच निवाऱ्यांत येण्याजाण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. रात्रपाळी करणाऱ्या बाईला तिथे राहून नोकरी टिकवणं जड जातं. नोकरी गेली की बाहेर पडायची शक्यताही गेली.

निवाऱ्याला पैसे द्यायचे असतील तर कशासाठी द्यायचे, हे नीट ठरवा. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे सीएसआरच्या कामांच्या यादीत, महिलांसाठी गृहं आणि वसतिगृहं उभारणं सरळ नोंदलेलं आहे, त्यामुळे इमारतीचा प्रस्ताव समितीत चटकन पास होतो. फोटो येतो, कोनशिला बसते. पण वॉचमनचा पगार, वीजबिल, धान्य, समुपदेशकाचं मानधन हे दर महिन्याला लागतं आणि दुसऱ्या वर्षी ते द्यायला कुणी पुढे येत नाही. असलेल्याच निवाऱ्याला रात्रीच्या रिक्षाचे पैसे, मुलांच्या शाळेचा खर्च, तुटलेल्या गीझरची दुरुस्ती, दवाखान्याचं बिल यांसाठी निधी द्या. सुरगाणा-पेठकडून एसटीने आलेल्या बाईच्या हातात परतीच्या भाड्याचेही पैसे नसतात. वर्षाला लाखभर रुपयांत या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींचा केवढा तरी भार उतरतो.

भाड्याची खोली

माझ्या मते सगळ्यात मोठा खड्डा इथे आहे. निवाऱ्यातून बाहेर पडल्यावर, किंवा निवाऱ्यात न जाताच, स्वतःच्या कुलपाची खोली घ्यायची तर एकदम पैसे लागतात आणि त्याच वेळी तिच्याकडे काहीच नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्के जणींनी कुणाकडे तरी मदत मागितल्याचं दिसलं. बाकीच्या गप्प का, याची कारणं अनेक आहेत. पण 'जाऊ कुठे?' हे मी स्वतः सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य आहे. माहेरी भावाचा संसार, दोन खोल्या, आणि चार दिवसांनी 'आता नांदायला जा'.

अंदाजासाठी हिशेब मांडते. आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या भागाप्रमाणे बदला. डिपॉझिट २० हजार. भाडं ६ हजार धरलं तर पहिले तीन महिने पूर्ण म्हणजे १८ हजार, पुढचे तीन महिने निम्मं म्हणजे ९ हजार. गॅस, भांडी, दोन गाद्या, पंखा यांना १२ हजार. भाडेकरार आणि सामान हलवायला ३ हजार. बेरीज ६२ हजार. यातले डिपॉझिटचे २० हजार खोली सोडताना परत येतात. म्हणजे एका कुटुंबाला सहा महिने पायावर उभं राहायला तुमचे खऱ्या अर्थाने ४२ हजार खर्च होतात. आपली बाई तेरा हजारांत सातव्या महिन्यापासून सहा हजार भाडं ओढेल का? ओढाताणीने, हो. 'लाडकी बहीण'चे दीड हजार तिच्या स्वतःच्या खात्यात येऊ लागले तर थोडं सोपं. आणि मुलगा तिच्याजवळ राहतो.

पण खोली मिळवणं हेच एक काम आहे. पाथर्डी फाट्याजवळ एका बाईबरोबर खोली बघत होते. घरमालकीण चांगली होती, चहा दिला. मग विचारलं, "मिस्टर कुठे असतात?" बाई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "त्या मुलांना घेऊन एकट्याच राहणार आहेत." खोलीची चावी टेबलावर होती, ती मालकिणीने हळूच उचलून पदराला बांधली. "नंतर काही भानगड नको," एवढंच म्हणाली. पुढे करार संस्थेच्या नावावर करायची तयारी दाखवली, भाडं थकणार नाही याची हमी दिली, तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी खोली मिळाली. तुमचे पैसे जिथे खोली उघडतात, तिथे त्यांच्या मागे संस्थेचं नाव आणि एक माणूसही लागतो.

धोकाही इथे जास्त आहे, तो लपवून चालणार नाही. बाई घर सोडते त्यानंतरचे आठवडे सर्वांत नाजूक असतात. नवरा शोधायला निघतो. निवाऱ्याला निदान दारावर पहारेकरी असतो, खोलीला नसतो. म्हणून खोलीच्या निधीत सुरक्षेचा खर्च धरलाच पाहिजे: मजबूत कडी आणि सेफ्टी डोअर, नवीन सिमकार्ड, जुन्या फोनमधलं लोकेशन आणि गूगल खातं तपासून घेणं, मुलांच्या शाळेत 'आईशिवाय कुणाकडेही सोडू नये' असं लेखी पत्र. आधारचा मोबाइल नंबर बदलणं हे पहिल्याच आठवड्याचं काम. नाहीतर आधारचा प्रत्येक ओटीपी नवऱ्याच्या फोनवर वाजतो आणि ती कुठल्या कामाला लागली आहे हे त्याला बसल्या जागी कळतं. खोली नवऱ्याच्या कामाच्या रस्त्यावर नको. तो सातपूरला जात असेल तर नाशिक रोडकडे बघा.

नोकरी करणाऱ्या बाईसाठी सखी निवास, म्हणजे नोकरदार महिलांची वसतिगृहं, हा मधला पर्याय आहे. एकटीला किंवा लहान मुलीसह असलेल्या बाईला उत्तम. आपल्या बाईची अडचण तिथेही मुलाच्या वयाचीच.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २००९ पासून 'आधी घर' या धोरणाने काम सुरू झालं. बाईला काय लागतंय ते तिलाच विचारायचं आणि लवचीक निधीतून तेवढं भरायचं. इंग्लंडमध्ये २०२१ च्या घरगुती हिंसाचाराविषयीच्या कायद्याने सुरक्षित निवासातल्या मदतीची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली आहे. आपल्याकडे डिपॉझिट आजही गळ्यातलं मोडून, मैत्रिणीकडून उसनं घेऊन किंवा देणगीतूनच उभं राहतं.

तिचंच घर

या वाटेचा विचार देणगीदार सहसा करत नाहीत, आणि तो करायला हवा. घर तिने का सोडायचं? कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १७ ने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर कुणाच्याही नावावर असो. सासऱ्यांच्या नावावरचं घर यात येतं का, यावर बरीच वर्षं घोळ होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंद्र आहुजा प्रकरणात, सासरच्या माणसांच्या मालकीचं घरही सामायिक घर असू शकतं असा निकाल दिला. म्हणजे सिडकोतल्या त्या दोन खोल्यांवर आपली बाई दावा सांगू शकते. कलम १९ खाली मॅजिस्ट्रेट नवऱ्याला घराबाहेर जायला सांगू शकतात, किंवा तिला दुसरीकडे तशाच दर्जाची जागा घेऊन द्यायला, तिचं भाडं भरायला सांगू शकतात. कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, आदेशही मिळतो.

कागदावर हे स्वस्त आहे. बाईला मोफत कायदेशीर मदत मिळवायला उत्पन्नाची अट नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील देतं. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फतही करता येतो, आणि बाई तात्पुरती जिथे राहते तिथल्या कोर्टातही. मालेगावहून नाशिकला आलेली बाई नाशिकमध्ये अर्ज करू शकते. पैसे लागतात ते खाड्यांना. सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात तारीख म्हणजे तिच्या दिवसाचा पगार बुडाला, वर रिक्षा, झेरॉक्स, मुलीला सांभाळायला शेजारणीला काहीतरी द्यायचं. कायदा म्हणतो की पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तारखा लांबतात आणि खाडे परवडत नाहीत म्हणून बायका अर्ज मागे घेतात. एका बाईचे खाडे आणि प्रवास भरून काढायला खोलीच्या मानाने फार थोडे पैसे लागतात.

पण मर्यादा स्पष्ट आहेत. घराबाहेर जाण्याचा आदेश कुठल्याही स्त्रीविरुद्ध, म्हणजे सासूविरुद्धही, काढता येत नाही. सासू त्रास देत असेल तर ती त्याच घरात राहणार, आणि दोन खोल्यांत तिच्याबरोबर दिवस काढायचे. भाड्याचा आदेश निघाला तरी नवरा भरेलच असं नाही, मग वसुलीचा वेगळा अर्ज. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण त्यासाठी आधी पोलिसांनी तक्रार घ्यायला हवी. जीवघेणा हल्ला झाला असेल, नवरा दारूत शस्त्र काढत असेल, तर 'तुझा हक्क आहे, तू तिथेच राहा' असं सांगणारा सल्ला मला बेजबाबदार वाटतो. अशा वेळी आधी बाहेर, दावा नंतर. घर सोडलं म्हणून निवासाचा हक्क संपत नाही.

सोबत जाणारी ताई

तिन्ही वाटांवर एक खर्च समान आहे आणि तोच कुणाला द्यायचा नसतो: कार्यकर्तीचा पगार. 'आमचे पैसे थेट बाईला जावेत, पगारात नकोत' असं देणगीदार म्हणतात. भावना मला कळते, पण खोली शोधणं, मालकाशी बोलणं, आधार केंद्रावर रांगेत उभं राहणं, तारखेला सोबत जाणं, रात्री फोन उचलणं हे पगारी माणसाशिवाय होत नाही. महाराष्ट्रात पोलिसांबरोबर काम करणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष १९८४ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाले, आणि त्यांचं सगळं बळ त्यात बसणाऱ्या प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांतच आहे.

म्हणून दहा लाख आणि दोन वर्षं हातात असतील, तर मी अशी विभागणी करेन: एका कार्यकर्तीला महिना २० हजार, म्हणजे दोन वर्षांचे ४ लाख ८० हजार. उरलेल्या ५ लाख २० हजारांतले ४ लाख खोल्यांना, ६० हजार खाडे आणि कोर्टाच्या प्रवासाला, ६० हजार असलेल्या निवाऱ्याच्या तातडीच्या खर्चाला. ६२ हजारांच्या हिशेबाने सहा कुटुंबं लगेच उभी राहतात आणि डिपॉझिटं परत येत गेली की आणखी दोन-तीन. हातात फक्त लाखभर असतील तर खोल्यांच्या नादी लागू नका, सगळे खाड्यांना आणि निवाऱ्याला द्या. आणि तीन वर्षांचा शब्द देऊ शकणारी कंपनी असेल तर तिने मुख्यतः पगार उचलावेत. सीएसआरच्या नियमांत चालू प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालवता येतो, त्याचा फायदा घ्या.

संस्था निवडताना तिची करसवलतीची (१२ए, ८०जी म्हणून ओळखली जाणारी) आणि सीएसआर निधी घेण्यासाठीची (सीएसआर-१) नोंदणी बघालच. त्यापुढे एक गोष्ट बघा. तुम्ही भेटीला गेल्यावर संस्थेने बायकांना ओळीने उभं करून त्यांची कहाणी सांगायला लावली, चेक देताना फोटो काढला, तर पैसे परत खिशात ठेवा. जी संस्था तुम्हाला 'पत्ता सांगणार नाही, हिशेब दाखवू' असं म्हणते, ती काम जाणते.

आणि ठराव लिहिताना दोन कलमं घालून घ्या. भाडेकरार शक्यतो संस्थेच्या नावावर असावा, म्हणजे कागदांत बाईचं नाव आणि पत्ता एकत्र येत नाही आणि डिपॉझिट परत निधीतच जमा होतं. दुसरं, मदत घेतलेली बाई नवऱ्याकडे परत गेली तरी तिच्याकडून पैसे वसूल करायचे नाहीत आणि पुन्हा मदत मागायला आली तर तिचा अर्ज त्या कारणाने नाकारायचा नाही.