आमच्या तालुक्याचं सार्वजनिक वाचनालय : इमारतीला तीन तारे, माणसांना पाच

आमच्या वाचनालयाबद्दल लोकांनी ऑनलाइन लिहिलेले अभिप्राय चाळले तर दोनच गोष्टी सापडतात. अभ्यासिका शांत आहे आणि गाडी लावायला जागा नाही. दोन्ही खरं आहे. पण ज्या तीन माणसांच्या जिवावर हे सगळं चालतं त्यांच्याबद्दल कुणी एक ओळ लिहिलेली नाही. ती मी लिहिते आहे, आणि एका ओळीत ते मावणार नाही.

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. पाळीची नोकरी. वाचनालय सकाळी आठ ते बारा आणि संध्याकाळी चार ते आठ उघडं असतं, त्यामुळे पाळी कुठलीही असली तरी एक ना एक वेळ साधते. सभासद व्हायला आधारची प्रत, एक फोटो आणि अनामत लागते. एका वेळी दोन पुस्तकं आणि एक मासिक मिळतं. कादंबऱ्या, चरित्रं आणि कोकणच्या इतिहासावरची पुस्तकं भरपूर आहेत. जुने दिवाळी अंक बांधून ठेवलेले आहेत, ते तर बघण्यासारखे. लहान मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकं मात्र अगदीच कमी, आणि बालविभागातली एक ट्यूब कधीची गेलेली आहे. जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे, म्हाताऱ्या माणसांनी जपून चढावं.

आता माणसांबद्दल. नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही. जे तिथे जातात ते ओळखतील.

कागदावर शिपाई काकांचं काम म्हणजे दार उघडणं, झाडलोट, वर्तमानपत्रं लावणं आणि परत आलेली पुस्तकं जागेवर ठेवणं. प्रत्यक्षात वाचनालयातली निम्मी जुनी पुस्तकं आज वाचता येतात ती त्यांच्यामुळे. कोकणात पावसाळ्यात पुस्तकाची काय दशा होते हे घाटावरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. पुठ्ठे फुगतात, पानं एकमेकांना चिकटतात, बुरशीचा वास कपाटातून जाता जात नाही, आणि कसर लागली की पानांची चाळण होते. काका तरुणपणी मुंबईला एका बाइंडिंगच्या कारखान्यात होते. ती विद्या त्यांनी इथे, स्वतःहून, वापरायला काढली.

दुपारी वाचनालय बंद असतं तेव्हा ते मागच्या व्हरांड्यात बसतात. एकदा पुस्तक परत करायला अवेळी गेले तर त्यांनी मला आत घेतलं, आणि मी बराच वेळ बघत उभी राहिले. स्वयंपाकाचं एक पुस्तक होतं, सगळ्यात जास्त मागणीचं आणि म्हणून सगळ्यात जास्त फाटलेलं, पानापानावर तेलाहळदीचे डाग. त्यांनी आधी पाठीवरचा जुना डिंक ओल्या फडक्याने मऊ करून बोथट सुरीने खरवडला. मग फर्मे, म्हणजे एकात एक दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, सुटे करून क्रमाने लावले, दाभणाने भोकं पाडली आणि मेण लावलेल्या जाड दोऱ्याने एकेक फर्मा शिवत गेले. दोरा ओढताना करंगळीने तो असा ताणून धरत होते की पान फाटू नये आणि सैलही राहू नये. शेजारी मैद्याची खळ होती, निळसर झाक असलेली. विचारलं तर म्हणाले, "मोरचूद आहे त्यात ताई, चिमूटभर. नाहीतर खळ खायलाच कसर येते." पाठीला कापडी पट्टी, नवा पुठ्ठा, आणि शेवटी पुस्तकावर बांधलेल्या अंकांचं वजन. दुसऱ्या दिवशी त्यावर दाखल क्रमांक, म्हणजे वाचनालयाच्या नोंदवहीतला त्या पुस्तकाचा क्रमांक, लिहून ते पुस्तक पुन्हा देवघेवीला. बाहेरच्या बाइंडरकडे दिलं असतं तर हे फुकट झालं नसतं, आणि इतक्या मायेनेही झालं नसतं.

देवघेवीच्या टेबलावरच्या ताई. यांचं नेमून दिलेलं काम पुस्तक देणं, घेणं, नोंद करणं. वर त्यांनी जुन्या दाखल नोंदवह्या ई-ग्रंथालय या संगणकप्रणालीत चढवायला घेतल्या आहेत. पंचेचाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं बारीक, फिकट झालेलं अक्षर वाचायचं, पुस्तक खरंच कपाटात आहे का ते जाऊन बघायचं, मग टंकायचं. मध्येच कुणी मुलगा येतो, "ताई, फॉर्म भरताना फोटो अपलोड होत नाही." कुणाला प्रवेशपत्राची प्रत हवी असते. हे कुठल्याही ग्रंथालयाच्या नियमावलीत नसेल, पण ज्या मुलाच्या घरी फक्त फोन आहे त्याने जायचं कुठे?

त्यांचं आमच्या घरावर एक ऋण आहे. आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ती महिनोन्‌महिने अंथरुणात होती. मी ड्यूटीवर, भाऊ पुण्याला. ताई घरी जाताना वाकडी वाट करून स्कूटरवरून पुस्तकं आणून द्यायच्या. आणि नुसती दोन पुस्तकं उचलून आणली असं नाही. आईने काय वाचलं, काय अर्धवट सोडलं, कुठल्या पुस्तकाची अक्षरं बारीक वाटली, हे त्यांनी एका कागदावर टिपून ठेवलं होतं आणि तो कागद आईच्या कार्डाला टाचला होता. रुग्णालयात आम्ही खाटेला तक्ता लावतो, तसाच. आई म्हणायची, "डॉक्टर येऊन गेला नाही तरी चालेल, पुस्तकवाली यायला हवी." अशा आणखी दोन-तीन आजी-आजोबांकडे ताई आजही जातात. पेट्रोल त्यांचंच.

ग्रंथपाल मॅडम अभ्यासिका सांभाळतात. स्पर्धा परीक्षा जवळ आल्या की अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी राहते, आणि मुलींना न्यायला घरचं माणूस येईपर्यंत मॅडम उठत नाहीत. गावातल्या आईबापांनी मुलींना रात्री तिथे बसू दिलं याचं कारण खुर्च्या किंवा वायफाय नव्हे, मॅडम आहेत.

हे सगळं बघून मला आमच्या खात्याची आठवण येते. आमच्याकडे अतिरिक्त कार्यभार दिला की त्याचा आदेश निघतो. त्यावर नाव असतं, तारीख असते, काम काय ते असतं. पुढे काही मागायचं झालं, नाही म्हणायचं झालं, तर तो कागद हाताशी असतो. या तिघांकडे असा कागद नाही. वार्षिक अहवालात "कर्मचाऱ्यांचे सहकार्य लाभले" एवढं एक वाक्य छापलं जातं, आणि तेही दरवर्षी तेच.

पगाराचं गणित कळलं तेव्हा मला वाईट वाटलं. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा. अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार शासन अनुदान देतं. २०२२ मध्ये त्यात ६० टक्के वाढ झाली आणि तालुका 'ब' वर्गाचं वार्षिक अनुदान २,८८,००० रुपयांवरून ४,६०,८०० झालं. आमचं वाचनालय याच वर्गातलं. त्यातली निम्मी रक्कम पगारासाठी, निम्मी पुस्तकं, वीज, दुरुस्ती वगैरे बाकीच्या खर्चासाठी. म्हणजे वाढीव आकड्यानेसुद्धा पगाराला महिन्याचे १९,२०० रुपये, आणि वाटून घ्यायला माणसं तीन. हे लिहिताना हात थबकतो.

शासनाचे पुरस्कार आहेत. उत्कृष्ट ग्रंथालयांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचा, ग्रंथालयाच्या कार्यकर्त्यांना आणि सेवकांना भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या नावाचा. चांगली गोष्ट आहे. पण राज्यात ग्रंथालयं हजारोंनी आहेत, पुरस्कार मोजके. खळ शिजवणाऱ्या शिपायापर्यंत त्यातला एखादा पोचेल म्हणून वाट बघत बसण्यात अर्थ नाही. १२ ऑगस्टला, रंगनाथन यांच्या जयंतीला, आमच्याकडे मॅडमना गुलाबाचं फूल दिलं जातं. काका त्या दिवशी खुर्च्या मांडत असतात.

कौतुकाचीही मला थोडी भीती वाटते, ती सांगते. एखाद्याने आपणहून केलेल्या कामाचं फार कौतुक झालं की ते काम कायमचं त्याच्याच गळ्यात पडतं. वॉर्डात हे रोज बघते. जी सिस्टर एकदा थांबली तिलाच दर वेळी थांबायला सांगतात. त्यामुळे शाल-श्रीफळावर माझा भर नाही. काम कोणतं, कुणी केलं, किती केलं हे नावानिशी अहवालात यावं. काकांनी वर्षभरात बांधलेल्या पुस्तकांची यादी दाखल क्रमांकासह छापावी. जादा वेळ थांबल्याबद्दल बदली सुट्टी मिळावी. आणि वर्गणीतून, देणग्यांतून वाचनालयाचा जो स्वतःचा निधी जमतो त्यातून या कामांचं वेगळं मानधन ठरावं, थोडं का होईना. ज्याला ते काम पुढे नको असेल त्याला ते सोडताही यावं.

काकांना मी विचारलं होतं, तुम्हाला काय हवं. ते म्हणाले, "पैसे मिळाले तर नको कोण म्हणेल? पण आधी दोरा आणि कापडी पट्टी तरी वाचनालयाच्या खर्चाने आणा." इतकी वर्षं ते सामान त्यांच्या खिशातून येत होतं, आणि वाचनालयाच्या समितीतल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं.

नवीन सभासद होणाऱ्यांसाठी : जरूर व्हा. पुस्तकं स्वतः कपाटातून काढून बघता येतात. शोधायच्या संगणकावर अजून सगळी पुस्तकं चढलेली नाहीत, तेव्हा सापडलं नाही तर ताईंना विचारा, त्यांना बहुतेक पुस्तकांची जागा तोंडपाठ आहे. फाटलेलं पान दिसलं तर घरी चिकटपट्टी लावू नका. ती काढताना अक्षरंही निघून येतात आणि काकांचं काम दुप्पट होतं. तसंच काकांच्या हातात द्या.

जुन्या सभासदांसाठी : वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस दारात लागली आहे. वर लिहिलेल्या मागण्या मी ठराव म्हणून लेखी दिल्या आहेत. अनुमोदनाला आणि मताला माणसं लागतील. एरवी या सभेला दहा डोकी नसतात. या वेळी या, आणि येताना वर्गणीची पावती आणा, थकबाकी असेल तर मत देता येत नाही.