अठरा सेंटिमीटरची वायर : बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह, सात महिन्यांनंतर

आधी वायरीचं. पट्टी लावून मोजली, अठरा सेंटिमीटर भरली. ड्राइव्हच्या पोटाखालच्या खाचेत ती दुमडून बसते आणि आतून कायमची जोडलेली असते, म्हणजे बदलायची सोयच नाही. लॅपटॉपला चालून जातं. पण शाळेत किंवा कार्यालयात सीपीयू टेबलाखाली असतो. तिथे ड्राइव्ह मांडीवर घेऊन बसा, नाहीतर खुर्चीवर डबा ठेवून त्यावर टेकवा. डिस्क फिरत असताना ड्राइव्ह कलला की डिस्कवर गोलाकार चरा पडू शकतो, आणि असा गोल चरा मधून कडेकडे जाणाऱ्या ओरखड्यापेक्षा फार वाईट, कारण सलग बरीच माहिती जाते.

दुकानदार म्हणतात, एक्स्टेन्शन लावा. लावलं की वेगळाच तमाशा : डिस्क फिरायला लागते, टक-टक आवाज येतो आणि कॉम्प्युटरवरून ड्राइव्हच गायब. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर द्यायला बांधलेलं, निळं ३.० चं ९००. मोटर सुरू होताना या ड्राइव्हला त्याहून जास्त लागू शकतं, आणि स्वस्त एक्स्टेन्शनच्या बारीक तारेत व्होल्टेज आणखी पडतं.

इथे मत बदलावं लागलं. पहिले तीन महिने याला दोनच तारे होते, कारण एक्स्टेन्शन न लावताही ड्राइव्ह मधूनच गायब व्हायचा. सर्व्हिसवाल्यांनी ‘ड्राइव्ह ओके’ म्हणून जसाच्या तसा परत पाठवला, वर कुरिअरचा भुर्दंड. दोष खरंच ड्राइव्हचा नव्हता. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला आतून लांब, बारीक वायर येते. मागचं पोर्ट थेट मदरबोर्डवर असतं. मागे लावल्यापासून एकदाही गेला नाही. फक्त अठरा सेंटिमीटरमध्ये तो सीपीयूच्या पाठीमागे, धुळीत पडून असायचा. म्हणून शेवटी स्वतःचा अडॅप्टर असलेला हब (जादा यूएसबी पोर्टांची डबी) घ्यावा लागला. हजार रुपयांच्या वस्तूला चारशेचं शेपूट!

आता मुख्य काम. सोलापुरात कपाटाकपाटांतून स्नेहसंमेलनाच्या, लग्नाच्या, गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेच्या डिस्क पडून आहेत आणि त्यातला मिनिटभराचा तुकडा पॉवरपॉइंटमध्ये हवा असतो. डिस्कवरून थेट काही करू नका. डिस्कवरचा व्हिडिओ_टीएस हा अख्खा फोल्डर आधी हार्डडिस्कवर कॉपी करा. भरलेली डिस्क पंधरा मिनिटांत उतरते, ओरखडे असतील तर तासही लागतो. आतल्या व्हीओबी (व्हिडिओच्या) फाइली जास्तीत जास्त एकेक जीबीच्या असतात, त्यामुळे एकच फाइल उघडली तर भाषण अर्ध्या वाक्यात तुटतं. हँडब्रेक या व्हिडिओचं रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला पूर्ण फोल्डर द्या. तो फुकट आहे. (विकतच्या सिनेमांच्या डिस्कना कुलूप असतं, ते हँडब्रेक स्वतःहून उघडत नाही, २०१२ पासून कॉपीराइट कायद्यात त्यासाठी ६५ए कलमही आहे.)

प्रीसेट (तयार सेटिंग) ‘फास्ट ५७६पी२५’, फाइल एमपी४. रेंजमध्ये ‘सेकंद’ निवडून सुरुवात-शेवट भरा, म्हणजे हवा तेवढाच तुकडा निघतो. क्वालिटीचा आकडा २०. आकडा वाढला की चित्र बिघडतं, उलटं लक्षात राहतं म्हणून सांगितलं. ऑडिओ एएसी या प्रकारातच ठेवा. डिस्कवरचा एसी३ प्रकारचा आवाज तसाच पुढे नेला तर आपल्या मशीनवर वाजतो आणि सभागृहातल्या मशीनवर मुका होऊ शकतो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष डीइंटरलेसकडे, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या चित्रांचं पूर्ण चित्र करण्याकडे होतं. आपल्याकडची डिस्क बहुतेक पाल पद्धतीची : सेकंदाला २५ फ्रेम, प्रत्येकीत दोन अर्धी चित्रं, आधी एकाआड एक रेघांचं एक, मग उरलेल्या रेघांचं दुसरं. जुन्या टीव्हीवर ते दिसायचं नाही. प्रोजेक्टरवर मात्र यात्रेतले उंच नंदीध्वज पेलणाऱ्यांच्या पांढऱ्या बाराबंदीच्या (बंदांच्या अंगरख्याच्या) कडांना कंगव्याचे दात फुटतात, लेझीमवाल्यांचे तर हातच विस्कटतात. फिल्टर्समध्ये डीइंटरलेसला ‘यादिफ’ लावा. हालचाल फार असेल तर ‘बॉब’. मग फ्रेमदर ५० करा, नाहीतर उपयोग नाही. पालचे पिक्सेल (चित्राचे ठिपके) चौरसही नसतात, म्हणून अॅनामॉर्फिक ‘नन’ करून ४:३ चं चित्र ७६८ बाय ५७६ येतंय ना, ते बघा. नाहीतर पडद्यावर माणसं लांबुडकी दिसतात.

पॉवरपॉइंटमध्ये इन्सर्ट, व्हिडिओ, धिस डिव्हाइस. ‘लिंक टू फाइल’ नको; पेनड्राइव्ह दुसरीकडे लावला की मार्ग तुटतो आणि स्लाइडवर काळा चौकोन उरतो. पॉवरपॉइंटमधल्या ट्रिमने (कापण्याने) फाइल लहान होत नाही, म्हणूनच कापाकापी हँडब्रेकमध्ये. मूळ डिस्कवर मिनिटाला साठ-सत्तर एमबी जातात, इथे साधारण दहा-पंधरा. ‘पोस्टर फ्रेम’ निवडा, नाहीतर सुरुवातीचं काळं चित्र बघून लोकांना वाटतं काही बिघडलंय.

ड्राइव्हला आता चार तारे. नवी पेठेत घ्यायला गेलात तर वायर बाहेर ओढून बघा, आणि काठोकाठ भरलेली एक जुनी डिस्क सोबत न्या. डीव्हीडी आतून बाहेर भरत जाते, आणि घरी भरलेल्या स्वस्त डिस्क बहुधा बाहेरच्या कडेलाच आधी खराब होतात. शेवटची पाच मिनिटं दुकानातच कॉपी करून बघा. तिथे अडकला तर घरी आणून सुधारणार नाही.